वाकडं लावलेलं स्टिअरिंग

दौलतमामांच्या दुकानात दुरुस्तीला आलेली जीप आली त्यापेक्षा वाकडी होऊन बाहेर पडायची. म्हणजे गाडी नाही, तिचं स्टिअरिंग. आलेला माणूस सांगायचा की गाडी उंच करून घेतल्यापासून हातात थरथरते, वळणावर नीट वळत नाही. मामा एक पाय ओढत गाडीखाली जायचे, बाहेर यायचे, काही न बोलता स्टिअरिंगचा मधला नट सोडवायचे, ते हातातलं चाक उपसायचे आणि तिरपं करून परत बसवायचे. गिऱ्हाईक ओरडायचं, "अरे, ये क्या कर दिया?"

मामा हात पुसत म्हणायचे, "मी काहीच नाही केलं. हे असंच होतं. मी फक्त वरचा फडका काढला. आता अशीच हळूहळू घेऊन जा. ज्यानं उचलून देल्ली त्याच्या दुकानासमोर उभी कर. चार लोकाईले दाखव. मंग ये. मंग मी सरळ करतो."

गाडी अशी उचलून उंच करून देणारा माणूस बालाघाटात एकच होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. सगळे त्याला शेठ म्हणतात, मीही तेच म्हणेन. गोंदिया रोडवर त्याचं गाड्या सजवायचं मोठं दुकान आहे, काचेचं. मोठे टायर, लोखंडी बंपर, दिव्यांच्या पट्ट्या. जंगलाकडच्या हॉटेलवाल्यांपासून ठेकेदारांच्या मुलांपर्यंत सगळ्यांना उंच जीप पाहिजे असते, आणि ती उंच तिथेच होते.

मामांचं म्हणणं समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले, यंत्रांमधलं मला काही कळत नव्हतं, तरी त्यांनी एकदा खडूनं फरशीवर काढून दाखवलं तेव्हा कळलं. स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत एक दांडा जातो. गाडी उचलली की तो दांडा जास्त तिरपा होतो, आणि तिरपा झाला की आडव्या अंतरात कमी पडतो. मग चाकं सरळ असली तरी हातातलं स्टिअरिंग एका बाजूला कलंडतं. गाडी सांगत असते की माझं खाली काहीतरी बिघडलंय. नीट काम करणारा माणूस दांड्याची लांबी आणि उतार दुरुस्त करतो, कमानपाट्याखाली, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली, पोलादी पाचर घालून पुढचा आस पूर्वीसारखा मागे कलवतो. शेठच्या दुकानात हे करत नसत. ते नुसतं हातातलं स्टिअरिंग उपसत आणि मधल्या दांडीच्या दात्यांवर सरळ फिरवून बसवत. दिसायला सगळं सरळ. आत मात्र एका बाजूचं वळण आधीच खर्ची पडलेलं असायचं, त्यामुळे गाडी डावीकडे पुरती वळायची आणि उजवीकडे मध्येच अडायची.

"आणि हात सोडला तर घरी येत नाही," मामा म्हणायचे. हा त्यांचा आवडता शब्द होता, घरी येणं. वळणानंतर हात सैल सोडला की चांगल्या गाडीचं स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं. त्याला ते घरी येणं म्हणत. माणसांनाही हेच माप लावत. कोणाच्या जावयाबद्दल विचारलं की म्हणत, "पोरगा बरा हाये, सोडला तर घरी येते." शेठबद्दल म्हणत, "त्याले घरच नाही."

मामा मुळात ड्रायव्हर. आई परसवाड्याला नर्स, वडील नव्हते, म्हणून शाळेसाठी मी बालाघाटला मामा-मामींकडे राहिले. मामा तेव्हा शेठकडे नोकरीला होते, त्याची जीप चालवायचे, त्याच्या पाहुण्यांना बैहरकडे जंगलात घेऊन जायचे. पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. दारूचा थेंब घेत नसत. लग्नात कोणी आग्रह केला तर ताटावरून उठून जात. मामी म्हणायची, "तुमचं सगळं सरळ हाये, फक्त डोकं वाकडं." ते खरंही होतं. मामा गोड माणूस नव्हते. दुसऱ्यानं गाडी चालवली तर शेजारी बसून त्याचा जीव खात. आपल्यासारखा ड्रायव्हर जिल्ह्यात नाही असं ते स्वतःच सांगत, न विचारता.

गावातली पहिली उंच जीप शेठची स्वतःची. ती तयार होऊन आली त्या दिवशीच मामांनी सांगितलं की स्टिअरिंग फसवं आहे, उजवीकडे पुरतं वळत नाही, घाटात धोका आहे. शेठनं सगळ्या कामगारांसमोर उत्तर दिलं. मामा ते वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचे, पोट पुढे काढून: "दौलत, तू चलाने का पैसा लेता है, सोचने का नहीं."

त्याच पावसाळ्यात बैहरच्या घाटात, एका उजव्या वळणावर, ती जीप पुरती वळली नाही. समोरून ट्रक येत होता. मामांनी गाडी सागाच्या झाडावर घातली. मागे बसलेल्या पाहुण्यांना खरचटलं नाही. मामांचा उजवा गुडघा मात्र परत कधी वाकला नाही.

हॉस्पिटलमध्ये शेठ एकदाच आला, फळं घेऊन. तिथून निघाला तो सरळ कॉलेजसमोरच्या पानठेल्यावर थांबला. तिथे रिक्षावाले, ड्रायव्हर, पेपरवाले, सगळे असतात. पान लावून घेता घेता त्यानं सांगितलं, "क्या बताऊँ, पी के चला रहा था. मैंने तो केस भी नहीं किया, ग़रीब आदमी है." एवढंच. त्याला दुसरं काही करावं लागलं नाही. मामांना त्यानंतर कोणी गाडी दिली नाही. समाजाच्या बैठकीत ज्यांच्या शेजारी ते बसायचे ती माणसं थोडी सरकून बसू लागली.

माझ्या वर्गात शेठची मुलगी होती, रिद्धी. तिनं मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, साध्या आवाजात विचारलं, "तेरे मामा बेवड़े हैं ना? पापा बोल रहे थे." बाकीच्या हसल्या. मी डबा बंद केला. मी तेव्हाही फार बोलत नव्हते, त्यानंतर आणखी कमी झालं. घरी मी हे सांगितलं नाही. पण मामांना माणसाचा चेहरा वाचता यायचा. "काहून चुप हायेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं डोकं दुखतंय. ते खाटेवर पडून होते, पायाला प्लास्टर. छताकडे बघत म्हणाले, "दुखू दे. ध्यानात ठेवजो फक्त कोणामुळं दुखून राह्यलं."

प्लास्टर निघालं आणि मामांनी दुकान टाकलं. जागा पुष्कळ ठिकाणी मिळत होती. त्यांनी घेतली ती त्या पानठेल्याच्या बरोबर समोर. मामी रडली, म्हणाली, "त्याच लोकाईचं थोबाड रोज पाह्याचं?" मामा म्हणाले, "मी नाही, ते पाह्यतीन माह्यं. रोज. शुद्धीत."

दुकानात एक खड्डा, जॅक, खिळ्यांना टांगलेले पाने, एक ओळंबा आणि सुताची गुंडी. कॉम्प्युटरवर चाकांचा कोन मोजणारं यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. गाडीच्या दोन्ही अंगांना सूत ताणायचे, खडूनं खुणा करायचे. काम एकच, पुढची चाकं आणि स्टिअरिंग. त्यातही ज्या गाड्या शेठनं उचलल्या त्या. त्या थरथरत थरथरत येणारच होत्या, हे मामांना माहीत होतं. आल्या की आधी त्यांची वरात शेठच्या काचेसमोर जायची, वाकडं स्टिअरिंग सगळ्यांना दिसेल अशी. दुपारी चार वाजता गिऱ्हाईकं भरलेली असताना पाठवायला त्यांना विशेष आवडे. गाडी परत आली की पहिला प्रश्न, "तोंड कसं झालतं त्याचं?" गिऱ्हाईक वर्णन करायचं. मामा ते दोनदा ऐकायचे. मग पाना उचलायचे.

जो हे करायला तयार नसे त्याची गाडी ते करत नसत. एकदा खैरलांजीकडचे एक मास्तर आले होते, वयस्कर. म्हणाले, मला कोणाच्या भांडणात पडायचं नाही, तुम्ही नुसती दुरुस्त करून द्या. मामांनी त्यांना चहा पाजला आणि गोंदियाचा रस्ता दाखवला. मामी आतून बडबडत होती, "त्या म्हाताऱ्यानं तुमचं काय बिगडवलं?" मामा म्हणाले, "काही नाही. पण चुप राह्यला ना तो. सारे चुपच राह्यले होते." मला तेव्हा मामा चुकले असं वाटलं. आता नक्की सांगता येत नाही.

त्यांना काय पाहिजे होतं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. नोकरी नाही, भरपाई नाही. शेठनं त्याच ठेल्यावर उभं राहून, त्याच आवाजात सांगावं की दौलत प्याला नव्हता आणि गाडी मी बिघडवली होती. "बस. मंग मी त्याले जय भीम करीन, तो राम राम करो, खेल खतम."

कॉलेज संपल्यावर मी दुपारी दुकानात बसू लागले. परीक्षेची पुस्तकं घेऊन बसायचे आणि वाचायचे कमी. मामांनी मला एकच काम शिकवलं, स्टिअरिंग उतरवणं आणि बसवणं. नट थोडा ढिला करायचा पण काढायचा नाही, मग चाक दोन्ही हातांनी हलवून ओढायचं, नाहीतर एकदम सुटून तोंडावर बसतं. "तुह्यं नाक सरळ हाये, सरळच राहू दे," म्हणायचे.

अशाच एका दुपारी दुकानासमोर एक उंच जीप थांबली आणि तिच्यातून रिद्धी उतरली. शिकून परत आली होती, बापाच्या दुकानात बसायला लागली होती. तिनं मला ओळखलं. मी पुस्तकात बघितलं. ती आत शिरली. मामांना म्हणाली, "अंकल, घाट में मोड़ पे गाड़ी पूरी मुड़ी ही नहीं. ब्रेक मारा तब बची. पापा बोलते हैं तुझे चलाना नहीं आता."

मामांनी विचारलं, "कोन्तं वळण? साग हाये, सालटं निघालेला, तेच?"

"हाँ. आपको कैसे पता?"

मामा गाडीखाली गेले. मी त्यांच्यामागे वाकले आणि अगदी हळू म्हटलं, "मामाजी, नोको करू. जाऊ द्या तिले अशीच."

ते गाडीखालून अर्धे बाहेर सरकले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. "पोरी," ते म्हणाले, "मी बदला घेऊन राह्यलो. जीव नाही घेऊन राह्यलो. सूत दे इकडं."

ते काम त्यांनी इतर कुठल्याही कामापेक्षा मन लावून केलं. दांडा काढला, लांबी बदलली, त्याचं वरचं टोक खाली आणणारा लोखंडी हात बसवला. कमानपाट्याखाली पाचरी घातल्या, घासून, परत घासून. गाडीच्या दोन्ही बाजूंना सूत ताणून इतक्या वेळा बघितलं की ठेल्यावरची माणसं उठून बघायला आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रिद्धीला बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. परत आले तेव्हा ती हसत होती. "हाथ छोड़ो तो खुद सीधी होती है!"

"घरी येते," मामा म्हणाले. मग मला हाक मारली, "पाना आण." आणि तिच्या डोळ्यांदेखत स्टिअरिंग उपसून चांगलं ठळक वाकडं बसवलं.

"ये तो टेढ़ा है, अंकल."

"गाडी सरळ हाये. तुह्या बापानं वाकड्या गाडीवर सरळ चाक बसवून देल्लं होतं मले. मी सरळ गाडीवर वाकडं बसवून देतो त्याले. तू बिनघोर चालव, घाटात जा, कुठंही जा. चाक सरळ पाहिजे असन तर बापाले सांग, इथं येजो, त्या ठेल्यावर उभा राह्यजो आणि सांगजो त्या दिवशी कोण प्यालं होतं."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, खडूनं काढून. तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. जाताना ती माझ्याजवळ थांबली. "स्कूल में मैंने तुझे कुछ बोला था ना..."

"हो," मी म्हटलं. "आठवतं मला."

ती जीपमध्ये बसली आणि गेली. मला वाटलं मामा म्हणतील, जाऊ दे, लेकरू होती. ते म्हणाले, "माफ नोको करू. घाई काय हाये?"

आठवड्यानं ती परत आली. स्टिअरिंग सरळ होतं. शेठनं आपल्या दुकानात करून घेतलं होतं, त्याला त्यात काय अवघड. मामांचा चेहरा पडला. पण रिद्धी खाली उतरली आणि म्हणाली, "वापस टेढ़ा कर दो."

"काहून?"

"मैंने पूछा पापा से, सच है क्या. वो टीवी देखते रहे."

त्या दिवशी मामांनी मामीला सांगून भजी करायला लावली. लंगडत दुकानभर फिरत होते, उगाच पाने इकडचे तिकडे लावत होते. मामी मला म्हणाली, "पोरगा झाल्यासारखे करून राह्यले."

त्यानंतर त्यांची संध्याकाळ ठरलेली. दुकानाबाहेर स्टूल टाकून, दुखरा पाय लांब करून बसायचे. रिद्धी बापाच्या दुकानातून घरी जाताना समोरून जायची. वाकडं स्टिअरिंग उघड्या जीपमध्ये लांबून दिसतं. सिग्नलला, पेट्रोल पंपावर, भाजीबाजारात, जो तो तिला विचारायचा, "दीदी, स्टिअरिंग टेढ़ा क्यों है?" आणि ती सांगायची. पूर्ण सांगायची. मामांना रोज कोणीतरी येऊन बातमी द्यायचं की आज अमक्यानं विचारलं. जे सरकून बसले होते ते हळूहळू परत जवळ बसू लागले. मामा त्यांच्याशी बोलत. चहा मात्र त्यांच्या पैशानं घेत नसत. शेठनं त्या रस्त्यानं यायचं सोडलं. "गाव लहान हाये," मामा म्हणत, "किती फिरून जाईन?"

मागच्या थंडीत एके सकाळी मामा उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. आदल्या संध्याकाळी ते स्टुलावर बसले होते, जीप जाईपर्यंत बसले होते. अंत्ययात्रेला ठेल्यावरचे सगळे आले. रिद्धी आली, मागे उभी राहिली. शेठ आला नाही.

तो आला काही आठवड्यांनी. मी दुकानाचं शटर अर्धं वर करून आतली झाडलोट करत होते. रिद्धीची जीप थांबली, शेठ स्वतः चालवत आला होता. मी बाहेर आले. जवळून तो म्हातारा दिसला, आणि मला त्याची दया आली नाही.

"बेटा," तो म्हणाला, "अब तो दौलत भी नहीं रहा. लड़की ने कसम दी है, मेरी दुकान में हाथ नहीं लगाने देती. तू कर दे सीधा. दो मिनट का काम है."

मी आत जाऊन पाना घेऊन आले. त्याच्या चेहऱ्यावर हायसं दिसलं. मी पाना हातात धरून उभी राहिले आणि ठेल्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं. चार-पाच जण होते. पानवाल्यानं पान लावणं थांबवलं होतं.

शेठ माझ्याजवळ सरकला. आवाज इतका खाली आणला की मलाही कान द्यावा लागला. "हाँ, नहीं पिया था उसने. गाड़ी में ही गड़बड़ थी. बस? ग़लती हो गई."

मी शाळेत कधी हात वर केला नाही. दुकानात गिऱ्हाइकाशीही अर्धं वाक्य बोलून थांबते. पण हा शब्द माझ्याजवळ आधीपासून तयार होता.

"मोठ्यानं," मी म्हटलं. मग त्याला समजावं म्हणून त्याच्याच भाषेत सांगितलं, "वहाँ जाके. ज़ोर से."

तो ठेल्याकडे बघत राहिला. रस्ता लहान आहे, चार पावलांत ओलांडता येतो. एकदा त्याचा पाय उचलला गेला असं मला वाटलं. मग तो वळला, जीपमध्ये बसला आणि गाडी सुरू केली.

मामांनी केलेलं काम पक्कं होतं. जीप रस्त्याच्या मधोमध सरळ रेषेत गेली, जराही न थरथरता. स्टिअरिंग वाकडं होतं आणि त्यावर शेठचे दोन्ही हात, एक वर, एक खाली. ठेल्यावरचे सगळे त्या हातांकडेच बघत होते.

मी पाना खिळ्याला टांगला आणि शटर पूर्ण वर केलं.